घरात चालतो, मंडळात चालत नाही

गणपती उठले की हिशेबाची बैठक होते, तशी यंदाही आमच्या कॉलनीत झाली. जुळे सोलापुरातली चारशे-साडेचारशे चौरस फुटांची घरं, तळमजल्यावर मंडळाची अभ्यासिका, अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी आठ-दहा पोरं. वर्गणीतून थोडी रक्कम शिल्लक होती. पोरांनी ठराव मांडला की तिच्यात भर घालून अभ्यासिकेसाठी एक व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर बांधून आभासी जग बघायचं यंत्र, घेऊ. शनिवार-रविवार लहान मुलांना दाखवू, म्हाताऱ्या माणसांना दाखवू. त्यावर दीड तास खडाजंगी झाली. एक बाजू म्हणाली, डोळे जातील, डोकं फिरेल, पोरं नादाला लागतील. दुसरी बाजू म्हणाली, परदेशात डॉक्टर यावर ऑपरेशन शिकतात, पायलट विमान शिकतात, मग आपलीच पोरं मागं का ठेवायची? शेवटी खजिनदारांनी "गड्डा झाल्यावर बघू", म्हणजे जानेवारीतली सिद्धेश्वराची यात्रा उरकल्यावर, म्हणून विषय गुंडाळला. पैसे बँकेत तसेच राहिले.

गंमत पुढे आहे. ठरावाला सगळ्यात मोठ्या आवाजात विरोध करणाऱ्या दोघांच्या घरी दिवाळीत हेडसेट आला. एकाच्या जावयाने अमेरिकेहून आणला, दुसऱ्याने नातवाच्या हट्टापायी मुंबईहून मागवला. मी विचारलं तर दोघांचं उत्तर जवळपास सारखंच: "अहो, घरातलं वेगळं. घरात आपलं लक्ष असतं."

माझं म्हणणं नेमकं याच्या उलट आहे. हेडसेट ही वाईट वस्तू नाही, पण आजच्या घडीला ती घराची वस्तू नाही. सोलापुरातल्या घराची तर नाहीच. तिची जागा अभ्यासिकेत आहे, शाळेत आहे, दवाखान्यात आहे, जत्रेतल्या स्टॉलवरसुद्धा आहे. जिथे चार माणसं रांगेत उभी राहतील, एक जण काय बघतोय हे बाकीच्यांना माहीत असेल आणि वेळ संपला की यंत्र पुढच्याच्या हातात जाईल, तिथे ती खुशाल असावी. आमच्या बैठकीने जिथे चालण्यासारखी होती तिथे ती नाकारली आणि जिथे तिचे तोटे सगळ्यात जास्त बोचतात तिथे मुकाट्याने आत घेतली.

आधी विरोधकांचा हुकमी एक्का बघू: डोळे. हेडसेटने पोरं आंधळी होतात याला आधार नाही. खरं तर एका बाबतीत हेडसेट मोबाईलपेक्षा बरा ठरतो. पडदा डोळ्यांपासून बोटभर अंतरावर असला तरी मधल्या भिंगांमुळे डोळ्याला तो मीटर-दीड मीटर लांब असल्यासारखं फोकस करावं लागतं. पोर उशीवर डोकं टेकून वीतभर अंतरावर मोबाईल धरतं तेव्हा डोळ्यांना याहून जवळचं काम पडतं. मग हेडसेटचा त्रास कुठे आहे? तो वेगळाच आहे. समोर फुलपाखरू नाकाशी आलं असं दिसलं की दोन्ही डोळे आत वळतात, पण फोकस मात्र त्या ठरलेल्या अंतरावरच ठेवावा लागतो. जन्मापासून जोडीने चालणाऱ्या दोन हालचालींची इथे फारकत होते. म्हणून डोळे शिणतात, कपाळ दुखतं. कंपन्यांनी स्वतःच वयाची अट घातली आहे. फेसबुकवाल्या मेटाच्या यंत्रांना दहा वर्षं, तीही पालकांच्या देखरेखीखालच्या खात्यावर, आणि ॲपलच्या व्हिजन प्रो या हेडसेटला तेरा. आमच्या कॉलनीत ज्याच्यासाठी हेडसेट आला तो नातू सात वर्षांचा आहे. ही अट खोक्यात आलेल्या कागदावर असते, आणि तो कागद घरात वाचतं कोण?

गरगरण्याचंही तसंच. एसटीत बसून पुस्तक वाचलं की मळमळतं, कारण कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला गाडी हलल्याचं कळतं आणि डोळ्याला पान स्थिर दिसतं. हेडसेटमध्ये भांडण तेच, बाजू उलटलेल्या: डोळा म्हणतो पळतोय, कान म्हणतो उभाच आहे. बहुतेकांना हे सवयीने कमी होतं, काहींना होत नाही. यात भयंकर काही नाही. आलेलिंबाची गोळी खिशात ठेवून बार्शीला जाणारी माणसं आपण. तेव्हा "डोळे जातील, डोकं फिरेल" हा मुद्दा मी निकालात काढतो. तो लावून धरल्याने विरोधकांचंच नुकसान झालंय, कारण त्या घोषणेआड खरा आक्षेप झाकला गेला.

समर्थकांनी तर याहून मोठी गल्लत केली. डॉक्टर शिकतात, खरं आहे. भाजलेल्या रुग्णांच्या जखमा धुताना त्यांना बर्फाच्या आभासी दरीत नेलं की वेदना कमी जाणवतात, यावर अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात नव्वदच्या दशकापासून काम झालं आहे. पायलटांचं म्हणाल तर एडविन लिंक या माणसाने १९२९ मध्येच जमिनीवर उभं करून शिकवायचं नकली विमान बनवलं होतं. पण ही सगळी उदाहरणं पुन्हा एकदा नीट बघा. यातलं एकही घरातलं नाही. रुग्णाजवळ नर्स उभी आहे, शिकाऊ पायलटाजवळ शिक्षक बसलाय, वेळ ठरलेली आहे, हेतू ठरलेला आहे. एक्स-रे मशीन उपयोगी आहे म्हणून कोणी ते बेडरूममध्ये लावत नाही. मग दवाखान्यातल्या हेडसेटचे गुण दिवाणखान्यातल्या हेडसेटच्या नावावर का जमा करायचे?

राहिलं "मागे पडतील" हे भय. हा पाहुणा काही पहिल्यांदा आलेला नाही. १९६८ मध्ये आयव्हन सदरलँडने डोक्यावर घालायचा पहिला पडदा बनवला, तो इतका जड होता की छताला टांगावा लागायचा. १९९५ मध्ये निन्टेंडोने लाल रंगात चित्रं दाखवणारं एक यंत्र आणलं, ते वर्षभरातच बाजारातून गेलं. २०१६ मध्ये गूगलने मोबाईल घालून बघायचं डेड्रीम आणलं आणि २०१९ मध्ये गुंडाळलं. २०१९ मध्येच आलेल्या मेटाच्या पहिल्या क्वेस्ट हेडसेटबद्दल कंपनीने २०२३ मध्ये सांगून टाकलं की आता नवं काही मिळणार नाही, आणि २०२४ नंतर सुरक्षेची अपडेटंही बंद. यातलं प्रत्येक यंत्र येताना भविष्यकाळ म्हणूनच आलं होतं. ते घेतलं नाही म्हणून कोणाचं पोर मागे पडल्याचं तुमच्या ऐकिवात आहे? सोलापूरच्या पूर्व भागात आजही असे माग चालतात जे बापाने घेतले आणि मुलगा चालवतोय. बिघडला तर गल्लीतलाच मिस्त्री येतो, पट्टा बदलतो, तेल घालतो, खटखट पुन्हा सुरू. ज्या शहराला यंत्राचं आयुष्य असं मोजायची सवय आहे त्याला पाच वर्षांत वाऱ्यावर सोडलं जाणारं यंत्र घरखर्चातून घ्यायला सांगणं धाडसाचं आहे. २०२४ मध्ये स्वस्तातला स्वस्त चांगला हेडसेट अमेरिकेत तीनशे डॉलरला सुरू व्हायचा; इकडे येईपर्यंत कर, आणणावळ आणि दुकानदाराचा नफा त्यावर चढतो. व्हिजन प्रो २०२४ मध्ये ३,४९९ डॉलरला निघाला, त्याचं तर नावच नको.

आता घराकडे येऊ, कारण सगळा वाद जिथे व्हायला हवा होता ती जागा हीच.

उभं राहून, हात फिरवून खेळायचं असेल तर दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद मोकळी जागा हवी असं कंपन्या सांगतात. म्हणजे चार चौरस मीटर, साधारण ४३ चौरस फूट. पंतप्रधान आवास योजनेत सगळ्यात कमी उत्पन्न गटाच्या घराचं चटई क्षेत्र ३० चौरस मीटरपर्यंत धरलंय. म्हणजे अशा घरात एक जण खेळायला उभा राहिला की घराचा साडेसातावा हिस्सा त्याचा झाला. उरलेल्यात चूल, देवघर, दिवाण, शिलाई मशीन, गॅलरीत पाण्याची पिंपं. आणि पिंपं का असतात हे सोलापूरकराला सांगायला नको. याच योजनेतून उभ्या राहिलेल्या रे नगरमधल्या विडी कामगाराच्या घरी हेडसेट जाणार नाही, म्हणून तुम्ही हा हिशेब उडवून लावाल. ठीक. आमच्या कॉलनीतल्या साडेचारशे फुटांत काय झालं ते ऐका.

तो सात वर्षांचा नातू हॉलमध्ये उभा होता. टीपॉय उचलून गॅलरीत ठेवलेला, सोफा भिंतीला सरकवलेला. यंत्राने त्याच्याभोवती एक चौकट आखून दिली होती. हात तिच्या बाहेर जायला लागला की निळी जाळी दिसते, ही त्यातली सुरक्षेची सोय. सोय चांगली आहे. फक्त ती रेघ आत असलेल्यालाच दिसते. आजी देवघरातून निरांजन घेऊन तुळशीकडे निघाल्या होत्या, रोजच्या वाटेने, जशा गेली बावीस वर्षं निघतात. त्यांना ना रेघ दिसली, ना त्याला आजी दिसल्या. त्याने शत्रूच्या तोंडावर मारलेला ठोसा आजींच्या मनगटावर बसला. निरांजन गडगडत शोकेसखाली गेलं, तूप फरशीवर सांडलं, वात विझली म्हणून थोडक्यात निभावलं. पोराने हेडसेट वर केला आणि डोळे चोळत विचारलं, "आजी, तू कुठनं आलीस बे?" त्या दिवसापासून त्या घरात खेळ सुरू झाला की बाकीचे चार जण भिंतीला धरून चालतात. काही नव्या यंत्रांत जवळ आलेला माणूस आत अंधूक दिसतो असं म्हणतात, दिसतही असेल. पण मुद्दा ठोशाचा नाही. घरातली एक जागा, जिच्यावर सगळ्यांचा पाय पडायचा, ती एकाची झाली आणि तिची हद्द बाकीच्यांना दाखवायची गरजही कोणाला वाटली नाही.

टीव्हीवर दाखवता येतं की, असं त्या घरच्यांनी मला सांगितलं. येतं. मी बसून बघितलं. दुसऱ्याच्या मानेच्या झटक्यांबरोबर हलणारं चित्र पाच मिनिटं बघितलं आणि चहा न घेता उठलो.

उन्हाळ्याचं तर विचारूच नका. व्हिजन प्रोसाठी ॲपलने चालवण्याचं तापमान ३० अंशांपर्यंत दिलंय. मार्चच्या मध्यापासून जूनपर्यंत सोलापुरात दुपारी ३० अंश शोधायला तळघरात जावं लागेल. अर्धा किलो किंवा त्याहून जड यंत्र, म्हणजे शेंगाचटणीचं अर्ध्या किलोचं पाकीट कपाळाला बांधून, बेचाळीस अंशांत, कूलरच्या ओल्या वाऱ्यात उभं राहायचं. घाम डोळ्यांत, वाफ काचेवर. आणि थकून ते खिडकीत ठेवलं तर तीच भिंगं उलट बाजूने काम करतात: ऊन गोळा करून आतल्या पडद्यावर टाकतात आणि पडदा जळतो. लहानपणी भिंगाने कागद जाळणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागू नये.

इतकं बोलल्यावर विरुद्ध बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा मांडतो. तो त्यांनी बैठकीत मांडला नाही, मला घरात सापडला. माझी आत्या ८१ वर्षांची. खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणावर. तिच्या नातवाने एक दिवस तिला लोड लावून बसवलं आणि हेडसेट घातला. आत समुद्रकिनारा होता. आत्याने आयुष्यात चंद्रभागा पाहिली, कृष्णा पाहिली, समुद्र पाहिला नव्हता. लाट आली तशी तिने पायावरची साडी गुडघ्यापर्यंत वर ओढली. पोरगं हसलं, "आज्जी, काय दिसूलालंय?" ती म्हणाली, "पाणी येऊलालंय की रे अंगावर." मग बराच वेळ गप्प. मान हळूहळू डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे. त्या अर्ध्या तासात ती त्या खोलीतून बाहेर पडली होती, आणि गेल्या दीड वर्षात तिला बाहेर नेणं आमच्यापैकी कोणाला जमलं नव्हतं. याला "खेळणं" म्हणून हिणवणारा माणूस मला भेटला तर मी त्याच्याशी भांडेन.

पण मग तिने विचारलं, "तुम्ही सगळे कुठं गेलात?" आम्ही पाच जण तिच्या पलंगाभोवती उभे होतो. माझा हात तिच्या हातात होता.

आता सांगा, आत्याला हे सुख मिळावं म्हणून घरात हेडसेट विकत घेऊन ठेवायचा का? तिने त्यानंतर तो दोनदा घातला. चौथ्यांदा "मान दुखतीया" म्हणून नको म्हणाली. सध्या तो कपाटावर आहे. आणि ती ज्या एअरबेडवर झोपते तो आम्ही विकत घेतलेला नाही. रुग्णांना लागणारं साहित्य वापरायला देणाऱ्या केंद्रातून अनामत भरून आणलाय. वॉकर तिथूनच, कमोडची खुर्ची तिथूनच. काम झालं की धुऊन, पुसून परत द्यायचं, पुढच्या आजीला जायचं. आपल्या गावांनी ही रीत कोणत्या धोरणाशिवाय, कोणत्या परिषदेशिवाय घालून ठेवली आहे. गरजेच्या, महागड्या आणि थोडेच दिवस लागणाऱ्या वस्तूचं काय करायचं, याचं उत्तर आपल्याकडे आधीपासून आहे. हेडसेट त्या यादीत का नको? आत्याचा समुद्र हा माझ्याविरुद्धचा पुरावा म्हणून पुढे केला जाईल, पण तो बरोबर माझ्याच बाजूने उभा राहतो.

इतिहासाचा दाखलाही माझ्याविरुद्ध दिला जातो. प्रत्येक नव्या गोष्टीला म्हाताऱ्यांनी विरोध केलाच होता, कादंबरीला केला, सिनेमाला केला, टीव्हीला केला, आणि प्रत्येक वेळी म्हातारे चुकले, तसे तुम्हीही. दाखला मान्य. पण तो अर्धाच सांगितला जातो. या गोष्टी घरात आल्या कशा ते कोणी सांगत नाही. कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनी १८९२ पासून शांबरिक खरोलिकेचे खेळ केले, काचेवरची चित्रं कंदिलाच्या उजेडात पडद्यावर हलवून दाखवली, ती जमलेल्या लोकांसमोर. १८९६ च्या जुलैत ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं मुंबईत वॉटसन हॉटेलात तिकीट लावून दाखवली गेली. पुढे सिनेमा तंबू घेऊन जत्रेजत्रेत फिरला. बाप पोराला खांद्यावर घेऊन बसला, बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, कोण शिट्टी मारतो, कोण रडतो, सगळ्या गावाला दिसलं. टीव्ही मुंबईत १९७२ च्या २ ऑक्टोबरला सुरू झाला. त्यानंतर १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून शैक्षणिक कार्यक्रम दाखवायचा मोठा प्रयोग देशातल्या सहा राज्यांत, सुमारे २,४०० गावांत झाला. आपल्या शेजारच्या कर्नाटकातली गावंही त्यात होती. गावाला एक संच. सगळ्यांनी अंगणात बसून बघायचं आणि मग त्यावर बोलायचं. सोलापुरात संच आले तेव्हाही गल्लीत एकाच्या घरी. रविवारी सकाळच्या पौराणिक मालिकेला त्या घरात चपलांचा ढीग लागायचा आणि घरमालकीण कुरकुरत का होईना पाणी द्यायची. फोन आधी एसटीडी बूथमध्ये आला, पिवळ्या पाटीखाली, काचेच्या खोक्यात. इंटरनेट सात रस्त्याच्या, नवी पेठेच्या कॅफेत आलं, तासाचे पैसे मोजून.

म्हणजे यातली प्रत्येक वस्तू आधी चौकात आली, काही वर्षं तिथे राहिली, आणि मग घरात गेली. त्या काही वर्षांत आपण तिच्याशी वागायचं कसं ते शिकलो. किती वेळ, कोणासमोर, आवाज किती, लहान मुलाला कधी उठवायचं, पाहुणा आला की बंद करायचं की नाही. हे नियम कोणी छापले नाहीत, दुसऱ्यांच्या नजरेने ते घडवले. विरोध करणारे चुकले, कारण वस्तू शेवटी माणसाळली. पण ती आपोआप माणसाळली का? गावाने तिला माणसाळवलं. हेडसेट मात्र खोक्यातून थेट डोळ्यांवर जातो. मधला चौकच गायब आहे.

इथे हुशार वाचक मला अडवेल: मग मोबाईल? स्मार्टफोनही थेट खिशात आला, चौकात थांबला नाही. अगदी बरोबर, आणि आता त्याची स्थिती बघा. पंगतीत, तेराव्याला, रुग्णाच्या उशाशी, कुठेही कधीही हातात. दहा-पंधरा वर्षं झाली तरी आपल्याला त्याचे साधे रीतिरिवाज ठरवता आलेले नाहीत. रोज घरोघरी त्यावरून भांडणं होतात. चौक टाळून घरात शिरलेल्या वस्तूचं काय होतं याचा याहून चांगला नमुना मला तरी माहीत नाही. तरीही मोबाईलमध्ये एक बरं आहे की आई जाता-जाता पोराच्या खांद्यावरून डोकावू शकते. हेडसेटमध्ये डोकावायला फटच नाही. "घरात आपलं लक्ष असतं" म्हणणाऱ्या माझ्या दोघा शेजाऱ्यांनी एकदा नातवाच्या शेजारी बसून लक्ष ठेवून दाखवावं. त्यांना दिसेल ते फक्त पोराचं उघडं तोंड.

उलट हेडसेटचं आपल्याकडे भरपूर लक्ष असतं. बाहेरच्या बाजूचे कॅमेरे खोली मोजतात, भिंती, फर्निचर, हालचाल टिपतात. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी तालावर हात फिरवायच्या एका खेळाच्या पन्नास हजारांहून अधिक खेळाडूंची माहिती तपासली. नाव नाही, चेहरा नाही, फक्त डोकं आणि हात कसे हलतात तेवढं. शंभर सेकंदांच्या हालचालीवरून त्यांना नेमका माणूस ९४ टक्क्यांहून जास्त वेळा ओळखता आला. चालीवरून माणूस ओळखणं आपल्याला नवीन नाही. अंधारात वाड्याच्या पायरीवर पाऊल वाजलं की आजी सांगायची, कोण आलं. पण आजी ते कोणाला विकत नव्हती. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरलं आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकाची पडताळलेली संमती मागितली आहे. कागदावर उत्तम. घरी ती संमती कोण देतं? नातूच आजोबांच्या मोबाईलवर आलेला ओटीपी वाचून घेतो.

"पैसा त्यांचा, घर त्यांचं, तुम्हाला काय?" हा आक्षेप मी मोकळेपणाने मान्य करतो. मी बंदी मागत नाही. ज्याच्याकडे मोकळी गच्ची आहे, वेळ आहे, घाम गाळायची इच्छा आहे, त्याने जरूर घ्यावा. त्या खेळांनी दम लागतो हे मी स्वतः दहा मिनिटं ठोसे मारून अनुभवलंय. माझा आक्षेप फक्त एवढाच की घरात घेणं हे साधं, निरुपद्रवी आणि सार्वजनिक घेणं हे धोक्याचं, हा समज उलटा आहे.

सार्वजनिक ठेवण्यातही अडचणी आहेत, त्या लपवत नाही. एकाचा घाम दुसऱ्याच्या चेहऱ्याला लागणार. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळे आले होते. अशा साथीत एकाने घातलेला हेडसेट दुसऱ्याला देणं म्हणजे साथ घरपोच करणं. त्याला पुसता येणारं रबरी आवरण लागेल, पुसणारा माणूस लागेल, आणि साथ असेल तेव्हा "आज बंद" म्हणायची धमक लागेल. दुसरी अडचण कपाटाची. आपल्याकडे सार्वजनिक वस्तू एक तर मोडते, नाहीतर कुलपात जाते. शाळेतला प्रोजेक्टर उद्घाटनाला दिसतो आणि मग थेट ऑडिटला. यावर पोरांकडे ठरलेलं उत्तर होतं: आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या कामासाठी २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ हा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळवणारे रणजितसिंह डिसले सर. त्यांनी तंत्रज्ञान वापरलं की नाही? वापरलं. पण कसं ते बघा. त्यांच्या वर्गातल्या मुलींची भाषा कन्नड, पुस्तक दुसऱ्या भाषेत. त्यांनी आधी पुस्तक मुलींच्या भाषेत आणलं आणि मग त्यावर क्यूआर कोड लावले, जे लोकांच्या हातात आधीपासून असलेल्या फोनवर चालतात. यंत्रापेक्षा मजकूर आधी. ज्या शहरात एका गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू ऐकू येते, तिथल्या मुलांसाठी हेडसेटच्या आत काय आहे? डायनासोर आहे, चंद्र आहे, न्यूयॉर्क आहे. भुईकोट किल्ला आहे? गड्ड्यातली नंदीध्वजांची मिरवणूक आहे? जुन्या मिलमध्ये भोंगा झाल्यावर पाळी कशी बदलायची, ते आजोबा असेपर्यंत कोणी उभं करून ठेवलंय? हे एकट्या घराला जमणारं काम नाही. अभ्यासिकेतल्या पोरांनी चारही बाजूंचं चित्र घेणारा कॅमेरा भाड्याने आणून गड्ड्याची यात्रा टिपली, तर पलंगावरच्या आत्याला ज्या वाटेने ती पन्नास वर्षं चालली ती वाट दिसेल. समुद्रापेक्षा तिला ते जास्त आवडेल अशी माझी पैज आहे.

गड्डा झाला की बैठक आहे. या वेळी मी ठराव लिहून दिलाय. हेडसेट अभ्यासिकेत राहील, एका माणसाला वीस मिनिटं, दहा वर्षांखालच्या कोणाला नाही. अंथरुणावरच्या माणसासाठी अनामत भरून दोन दिवस घरी नेता येईल. डोळ्यांची साथ आली की कपाट बंद. शोकेसखाली निरांजन गेलेल्या आजींनी स्वतःहून निरोप पाठवलाय की आमच्या घरातला तुम्हीच घेऊन जा, नवा कशाला आणता. किल्ली कोणाकडे राहणार, असं खजिनदारांनी विचारलं. मी म्हटलं, माझ्याकडे नको, त्या पोरांकडे द्या.